अरोवानाचं पिल्लू: खाणं, पाणी आणि पहिले सहा महिने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली उत्तरं मुख्यतः सिल्व्हर अरोवानाच्या ८ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या पिल्लांसाठी आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये, पालिकेच्या नळाच्या पाण्यावर मासा पाळणारं घर डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. अरोवानाचे डोळे, कल्ले आणि खाण्याच्या सवयी पहिल्या सहा महिन्यांत घडतात. तेव्हा बिघडलेलं पुढे क्वचितच पूर्ण सुधारतं, म्हणून बारीकसारीक गोष्टीही सविस्तर दिल्या आहेत.

दुकानात "अरोवाना" म्हणून दाखवतात तो नेमका कोणता? सगळे पाळायला परवानगी आहे का?

आपल्याकडे सर्वात जास्त मिळतो तो दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन खोऱ्यातला सिल्व्हर अरोवाना. त्याचाच भाऊबंद ब्लॅक अरोवाना, मूळचा रिओ निग्रो नदीचा. लहानपणी तो काळा-पिवळा दिसतो आणि वाढताना करडा-रुपेरी होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा जार्डिनी कधीकधी येतो. हे तिन्ही 'साइट्स' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत.

लाल किंवा सोनेरी आशियाई अरोवानाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तो साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा प्रजाती अनुसूची ४ मध्ये येतात आणि त्या बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंदणीकृत फार्मवरच्या आशियाई अरोवानाला अंगात मायक्रोचिप आणि सोबत प्रमाणपत्र असतं. विक्रेता "कागद नंतर देतो" म्हणाला, तर तिथून निघा.

विकत घेताना पिल्लू कसं पारखायचं?

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात एका टाकीत वीस-पंचवीस पिल्लं असतात आणि सगळी सारखीच दिसतात. दोन मिनिटं हलू नका, नुसतं बघा. चांगलं पिल्लू पाण्याच्या वरच्या थरात, आडवं, सरळ रेषेत फिरतं. खालच्या ओठावरच्या दोन मिशा सरळ पुढे असाव्यात, एक तुटकी किंवा वाकडी नसावी. कल्ल्याचं झाकण गालाला सपाट चिकटलेलं हवं. त्याची कड बाहेर दुमडलेली असेल आणि आतला लाल भाग दिसत असेल, तर ते पिल्लू घेऊ नका. दोन्ही डोळे एकाच पातळीत आहेत का, ते समोरून बघा. पोट आत गेलेलं आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसणारं पिल्लू बरेच दिवस उपाशी असतं.

मग दुकानदाराला त्याच्यासमोर खाणं टाकायला सांगा. हे सगळ्यांत महत्त्वाचं. खाणं पडताच जे मान वर करून झडप घालतं ते घ्या. काय खाल्लं तेही विचारून घ्या, कारण पहिला आठवडा घरी तेच द्यायचं आहे.

शक्य असेल तर १० ते १२ सेंटिमीटरचं पिल्लू निवडा. त्याहून लहान पिल्लं स्वस्त मिळतात, पण त्यांची मर जास्त होते.

पोटाखाली केशरी पिशवी असलेलं पिल्लू आणलं. त्याला काय द्यायचं?

काहीही नाही. अरोवानाचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो आणि ती पिशवी म्हणजे पिल्लाचा डबा असतो. पिशवी जवळजवळ आटेपर्यंत पिल्लू तिच्यावरच जगतं. वरून खाणं टाकलं तर पाणी नासतं आणि पिल्लू त्यातच जातं. २८ ते ३० अंश तापमान, हवेचे मंद बुडबुडे, कमी उजेड, तळाला टोकदार खडी नाही, एवढंच बघा. टोकाला घासून पिशवी फाटली तर पिल्लू सहसा वाचत नाही. पिशवी पोटात ओढली जाऊन रेघेएवढी उरली आणि पिल्लू वर येऊन तोंड मारू लागलं की डासांच्या अळ्या, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा गप्पीची नुकती जन्मलेली पिल्लं दिवसातून चार वेळा चिमूटभर द्या.

टाकी केवढी हवी? लहान पिल्लाला दोन फुटी चालेल ना?

चालेल, पण दीडेक महिना. नीट खाणारं पिल्लू महिन्याला चार-पाच सेंटिमीटर वाढतं, वर्षभरात हातभर होतं आणि घरच्या टाकीत ६० ते ७५ सेंटिमीटरपर्यंत जातं. सुरुवात ३६ × १८ × १८ इंचाच्या टाकीने करा. ती काठोकाठ १९० लिटरची असते, वरची जागा सोडून प्रत्यक्षात १६० लिटर पाणी बसतं. हिच्यात पिल्लू २५ सेंटिमीटरचं होईपर्यंत राहू शकतं.

त्यानंतर ६ × २ × २ फूट ही किमान टाकी. किमान म्हटलं ते अगदी शब्दशः घ्या. लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण मोठ्या अरोवानाला अंग वळवायला जागा लागते. दीड फूट रुंदीच्या टाकीत तो वाकून वाकूनच वळतो आणि पाठीला कायमचा बाक येऊ शकतो. अडीच-तीन फूट रुंदी देता आली तर उत्तम.

सहा फुटी टाकीचं वजन फ्लॅटची लादी पेलेल का?

हिशोब करून बघा. ६ × २ × २ फूट म्हणजे २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर, म्हणजेच ६८० किलो पाणी. १२ मिलिमीटर काचेचे साधारण १२० किलो, वर स्टँड आणि फिल्टर. हे सगळं ८०० किलोच्या पुढे जातं आणि ते सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभं राहतं. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. खोलीतला बाकीचा रिकामा भाग काही भार वाटून घेतो हे खरं, तरी टाकी खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीत ठेवू नका. बीमवरच्या भिंतीला लांबीची बाजू टेकवून ठेवा.

नौपाड्यातल्या जुन्या इमारती आणि वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्ये स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं, सळ्या दिसत असलेल्या असतात. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय मोठी टाकी भरूच नका. आणि हे पिल्लू आणण्याआधी ठरवा. मासा हातभर झाल्यावर जागा शोधायला निघालं की ती सापडत नाही आणि हाल माशाचे होतात.

टाकी भरली की त्याच दिवशी मासा सोडला तर काय बिघडतं?

माशाच्या मूत्र-विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो आणि कल्ले जाळतो. अरोवाना मांसाहारी आणि खादाड, त्यामुळे साचतोही भराभर.

ओळखीच्या कुणाकडे निरोगी, चालू टाकी असेल तर तिथल्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा. तो टाकीच्या पाण्यातच बुडवून आणायचा, नळाखाली धुवायचा नाही. हे एवढं केलं तरी महिन्याचं काम आठ-दहा दिवसांवर येतं. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, हे जमल्यावरच मासा आणा.

घरी आणल्यावर टाकीत सोडायचं कसं?

टाकीचा दिवा बंद ठेवा. पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग पिशवी उघडून मासा पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्या आणि वर लगेच ओला टॉवेल टाका, कारण बादलीतून उडी मारणारी पिल्लं कमी नसतात. एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने बादलीत सोडा. पाणी दुप्पट व्हायला पाऊण ते एक तास लागतो. त्यानंतर मासा हाताने किंवा मऊ जाळीने उचलून टाकीत सोडा. बादलीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पहिले २४ तास खाणं नाही, दिवा नाही. घरच्यांनी काचेवर टिचक्याही मारायच्या नाहीत.

खायला काय काय द्यावं?

अरोवाना पृष्ठभागावर शिकार करतो. तोंडाची ठेवणच वर उघडणारी आहे. जंगलात तो पाण्यावर पडणारे आणि फांदीवर बसलेले किडे खातो, त्याच्या जोडीला छोटे मासे आणि कोळंबीसारखे जीव. म्हणून घरीही एकाच पदार्थावर त्याला वाढवू नका. एकाच खाण्याची चटक लागलेला अरोवाना पुढे दुसरं काही तोंडातच घेत नाही आणि त्या एका खाण्यात जे नाही त्याची उणीव भरून निघत नाही.

आठवड्याचा मेळ साधारण असा बसवा: निम्मं खाणं तरंगणारे पेलेट (माशांच्या तयार खाण्याच्या गोळ्या), उरलेल्यात कोळंबी, रातकिडे, मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) आणि अधूनमधून बोंबील-मांदेलीऐवजी पांढऱ्या गराचा, काटे काढलेला मासा. मीलवर्म चरबीचे असतात आणि त्यांचं कवच जड जातं. १५ सेंटिमीटरच्या पिल्लाला दिवसाला तीन-चार पुरेत, तेही नुकते कात टाकलेले पांढरे असतील तर उत्तम. रातकिडा द्यायच्या आधी मागच्या पायांचे काटेरी भाग मोडून टाका आणि आदल्या दिवशी त्याला गाजर आणि पेलेटचा चुरा खाऊ घाला. त्याच्या पोटातलं शेवटी माशाच्या पोटात जातं.

कोंबडीचं काळीज, मटण, खिमा देऊ नका. प्राण्यापक्ष्यांची चरबी अरोवानाला पचत नाही, ती यकृतात साठते.

बाजारातली कोळंबी चालते का? कशी तयार करायची?

उत्तम चालते. जांभळी नाक्याच्या किंवा बेलापूरजवळच्या दिवाळ्याच्या बाजारातून लहान करंदी घ्या, पाव किलो महिनाभर पुरते. ताजी असावी, डोकं सैल झालेली किंवा अमोनियाचा वास मारणारी नको. सुपरमार्केटमधल्या गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीला बऱ्याचदा पाणी धरून ठेवणारी रसायनं लावलेली असतात, म्हणून ताजी बरी. सुकट आणि सोडे अजिबात नकोत, त्यात मीठ फार.

डोकं पिळून वेगळं करा, कवच आणि पाय सोला, शेपटीचं टोक काढून टाका. तेच टोक घशात टोचतं. पाठीवर सुरीने हलकी चीर दिली की काळा धागा दिसतो, तो नखाने ओढून काढा. दोन पाण्यांनी धुवा, मीठ-हळद लावू नका. लहान पिल्लासाठी गराचे आडवे काप करा, प्रत्येक काप माशाच्या डोळ्याएवढा किंवा त्याच्या दीडपट, त्याहून मोठा नाही. ते बर्फाच्या ट्रेमध्ये एका खणात एका दिवसाचे भरा आणि फ्रीझरमध्ये किमान सात दिवस ठेवून मग वापरा. त्यात बहुतेक परजीवी मरतात. द्यायच्या आधी वाटीभर टाकीच्या पाण्यात वितळवा, ते पाणी फेका आणि तुकडे लांब चिमट्याने पृष्ठभागावर धरा.

चिमटा हवाच. तुकडा नुसता टाकला तर तो बुडतो, मासा त्याच्यामागे खाली जातो आणि तळाकडे बघायची सवय लागते. मासा २० सेंटिमीटरच्या पुढे गेला की पातळ कवचासकट दिली तरी चालते, फक्त डोक्यावरचा करवतीसारखा काटा काढायचा.

दिवसातून किती वेळा आणि किती?

८ ते १० सेंटिमीटरला चार वेळा, १५ पर्यंत तीन वेळा, २५ पर्यंत दोन वेळा, ४० पर्यंत एकदा. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून चार दिवस पुरतात.

मापासाठी वरून आणि बाजूने पोट बघा. खाल्ल्यावर पोटाची रेघ किंचित गोल झाली की थांबा. ती फुग्यासारखी ताणली आणि मासा तिरका पोहू लागला तर जास्त झालं, पुढची वेळ सोडून द्या. अरोवाना मागतच राहतो, काचेपाशी येऊन तुमच्या हाताकडे बघतो, आणि घरातला प्रत्येकजण त्याला एकेक तुकडा देतो. चारजणांच्या घरात तो चारपट खातो. खाऊ घालणारा माणूस एकच ठेवा किंवा फ्रीजवर कागद लावून खूण करा.

दहा मिनिटांत न खाल्लेलं सगळं बाहेर काढा. कोळंबीचा एक तुकडा फिल्टरमागे रात्रभर राहिला तरी सकाळी पाणी धुरकट दिसतं.

घरातली झुरळं, दिव्याखालचे किडे, बागेतले नाकतोडे पकडून दिले तर?

नको. घराघरांत झुरळांसाठी जेल लावलेलं असतं, सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं आणि पावसाळ्यात पालिकेची धूरफवारणी गल्लोगल्ली फिरते. तो किडा वरून धडधाकट दिसतो, पण अंगावर किंवा पोटात कीटकनाशक घेऊन येतो आणि ही रसायनं माशांना फार कमी मात्रेतही मारतात. किडे पैदास केलेलेच घ्या.

जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश द्यावेत का?

शिकार बघायला मजा वाटते म्हणून देतात, पण फायदा कमी आणि धोका मोठा. दुकानातले खाऊचे मासे दाटीत ठेवलेले असतात. त्यांच्यासोबत अँकर वर्म आणि माशांच्या उवांसारखे परजीवी, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घरात येतात. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं. महिनोन्महिने त्यांच्यावरच वाढलेला मासा अशक्त होतो, तोल घालवतो. द्यायचेच असतील तर घरी वाढवलेले गप्पी, तेही कधीतरी.

पेलेट तोंडात घेऊन थुंकतो. सवय कशी लावायची?

१२ सेंटिमीटरच्या पुढच्या, चांगल्या अंगाच्या पिल्लावरच हे करा. एक दिवस उपास. दुसऱ्या दिवशी तरंगणारे मांसाहारी पेलेट कोळंबी वितळवलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवा, मऊ पडले पण फुटले नाहीत असे. आधी कोळंबीचा एक तुकडा, त्याने झडप घातली की लगेच त्याच जागी एक पेलेट. थुंकला तर उचला आणि त्या वेळचं खाणं तिथेच संपवा. संध्याकाळी पुन्हा तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेक पिल्लं गिळतात.

घरच्यांना दया येऊन कोणी मध्येच पोटभर कोळंबी घातली की सगळं पहिल्यापासून. लहान पिल्लाला मात्र दोन दिवसांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. हट्ट सोडा, आठवडाभराने परत प्रयत्न करा.

अचानक खाणं सोडलं. काय तपासायचं?

नव्या घरी पहिले दोन-चार दिवस न खाणं नेहमीचं आहे. जुन्या माशाने सोडलं तर आधी तापमान बघा, मग अमोनिया आणि नायट्राइट. यांत दोष निघाला नाही तर आदल्या दिवशी काही मोठं गिळलं का, तळाची खडी तोंडात गेली का, घरात मोठी हलवाहलव झाली का, हे आठवा. १० सेंटिमीटरचं पिल्लू तीन दिवस खात नसेल तर गंभीर धरा. २५ सेंटिमीटरचा मासा आठवडाभर खाल्ला नाही तरी तरतो.

अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅम किंवा वर दिसला तर ताबडतोब ४० टक्के पाणी बदला आणि दिवसभर खाणं बंद. पीएच ७ वरून ८ झाला की त्याच अमोनियाचा विषारीपणा जवळजवळ दहापट होतो, हे लक्षात असू द्या.

नळाचं पाणी थेट चालेल का? टँकरचं?

थेट नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला भातसा खोऱ्याकडून आणि इतर योजनांमधून. दोन्हीकडे ते क्लोरीन घालूनच येतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की मात्रा वाढवली जाते. तेव्हा वास आला नाही तरी क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट वापरा, १०० लिटरला १ ग्रॅम. किंवा ड्रममध्ये एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) टाकून २४ तास पाणी खेळवा.

धरणाचं पाणी सहसा मृदू असतं. पीएच सांभाळणारे क्षार त्यात कमी, त्यामुळे महिना-दोन महिने आळस केलेल्या टाकीत पीएच हळूहळू ६ च्या खाली घसरतो आणि फिल्टरचे जिवाणू मंदावतात. अशा टाकीत एकदम ८० टक्के पाणी बदललं की माशाला झटका बसतो. रोज १५-२० टक्क्यांनी सावकाश आणा. फिल्टरमध्ये कापडी पिशवीत १०० ग्रॅम शिंपल्याचा चुरा ठेवला तर घसरण थांबते.

टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं, आणि खाडीच्या बाजूला ते क्षारयुक्त असतं. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजा. नेहमीच्या पाण्याच्या दुप्पट निघालं तर त्या आठवड्यात पाणी बदलणं पुढे ढकला, खाणं निम्म्यावर आणा. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी दोन्ही शहरांत २४ तास पाणी बंद राहतं, म्हणून झाकणाचा १०० लिटरचा ड्रम नेहमी भरलेला असावा.

नेहमीचा क्रम असा: आठवड्यातून दोनदा २५ टक्के. १६० लिटरच्या टाकीत ते ४० लिटर होतात, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. तापमानातला फरक एका अंशाहून जास्त नको.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३३ अंशांवर जातं. बर्फ टाकू?

२६ ते ३० अंश ही माशाची सुखाची पातळी. ३२ च्या वर पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढते. तो कल्ले भरभर हलवत पृष्ठभागाशी लटकतो. एक लिटरची गोठवलेली बाटली १६० लिटर पाणी फार तर पाऊण अंश उतरवते, आणि तासा-दोन तासांत पाणी पुन्हा होतं तिथे येतं. ही वरखाली माशाला जास्त छळते. झाकणाच्या जागी घट्ट जाळी बसवून पृष्ठभागावर आडवा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. दमट पावसाळ्यात याचा फायदा कमी होतो. दुसरा एअरस्टोन लावा आणि दुपारचं खाणं टाळा.

डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या बाजूला, घोडबंदर रोडला रात्री चांगलीच थंडी पडते. १६० लिटरला २०० वॅटचा हीटर, प्लास्टिकच्या जाळीत बसवलेला. पाणी बदलताना हीटर आधी बंद करा. गरम काच उघडी पडली आणि वर गार पाणी आलं की ती तडकते.

वीज गेली तर?

बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर फक्त एअर पंपाचं सॉकेट त्यावर घ्या, चार-पाच वॅट लागतात. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) पाच-सहा तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर ते टाकीत जाऊ न देता आधी ओतून टाका.

झाकण खरंच एवढं गरजेचं आहे?

हो. निरोगी अरोवाना अचानक मरण्याचं सगळ्यांत टाळता येण्यासारखं कारण म्हणजे उडी. फांदीवरचा किडा पकडायला तो पाण्याबाहेर झेप घेतो, त्याची घडणच तशी. बहुतेक उड्या पहिल्या काही रात्री, दिवा फटकन लावल्यावर किंवा पाणी बदलताना पडतात. झाकण वजनदार हवं, नळ्यांसाठी ठेवलेल्या फटी स्पंजने भरा. पाणी काठापासून आठ-दहा सेंटिमीटर खाली ठेवा म्हणजे उडी मारली तरी तोंड जोरात आपटत नाही. सकाळी आधी खोलीचा दिवा, दहा मिनिटांनी टाकीचा. दिवाळीत फटाके चालू असताना टाकीवर चादर टाका.

मासा खाली पडलेला सापडला तर कोरड्या हाताने किंवा कोरड्या फडक्याने धरू नका, बुळबुळीत थर निघतो. ओल्या टॉवेलमध्ये दोन्ही हातांनी उचलून टाकीत ठेवा, हवा वाढवा, दिवा बंद. लिटरला २ ग्रॅम आयोडीन नसलेलं जाडं मीठ विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून घाला. १६० लिटरला ते ३२० ग्रॅम होतं. कल्ले हलत नसले तरी लगेच आशा सोडू नका. मासा हवेच्या बुडबुड्यांसमोर तोंड करून काही मिनिटं धरून ठेवा.

डोळा खाली झुकलाय. कल्ल्याचं झाकण बाहेर वळतंय. हे बरं होतं का?

डोळा झुकणं सिल्व्हर अरोवानात फार दिसतं. त्याचं एकच कारण सिद्ध झालेलं नाही. तळाकडे सतत बघणं, डोळ्यामागे साठणारी चरबी आणि काचेला लागलेली इजा, ही नेहमी सांगितली जाणारी कारणं. एकदा पक्का झुकलेला डोळा सहसा सरळ होत नाही. म्हणून आधीपासून खाणं पृष्ठभागावर द्या, चरबीचं खाणं कमी ठेवा आणि तळाच्या काचेखाली आरसा बनेल असा चकचकीत कागद लावू नका. मासा याने मरत नाही, एवढा दिलासा आहे.

कल्ला वळण्याचं मूळ मात्र बहुधा पाण्यात आणि जागेत असतं: साचलेलं नायट्रेट, कमी प्राणवायू, लहान टाकी. कड नुकतीच मऊ पडून दुमडू लागली असेल तर संधी आहे. मोठ्या टाकीत हलवा, रोज २० टक्के पाणी बदला आणि एक पॉवरहेड (पाण्यात प्रवाह करणारा छोटा पंप) आडवा लावून मासा प्रवाहाविरुद्ध पोहेल असं करा. फरक दिसायला कित्येक आठवडे लागतात. कड कडक झाली की ती कापून काढावी लागते. ते काम भूल देऊन जाणकार पशुवैद्यानेच करायचं, घरी कात्री घेऊन नाही.

डास पळवणारं लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत चालेल?

त्यातली पायरेथ्रॉइड रसायनं माशांना अत्यंत विषारी आहेत आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. कॉइल, अगरबत्ती-धुपाचा दाट धूर, फवारे यांनाही हेच लागू. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरा. इमारतीत फवारणी असेल तर खिडक्या लावा, टाकीवर ओली चादर टाका आणि एअर पंप आतल्या खोलीत ठेवून नळी लांब करा.

सोबत दुसरे मासे ठेवता येतील?

पिल्लू १५ सेंटिमीटरचं होईपर्यंत एकटंच. नंतर मोठ्या टाकीत सिल्व्हर डॉलर किंवा बिचिर हे मासे जमतात. प्लेको हा काच चाटणारा मासा टाळा, तो रात्री अरोवानाच्या अंगाला चिकटून थर खरवडतो.

बदामाची पानं घालावीत का?

घाला. रस्त्याकडेच्या देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी, कोरडी पानं घ्या. गटाराजवळची नकोत. धुऊन ५० लिटरला एक. पाणी चहासारखं होतं, ते चांगलंच. तीन आठवड्यांनी बदला.

गणपतीला सात दिवस गावी जायचंय. मासा कोण बघणार?

२५ सेंटिमीटरच्या पुढचा मासा पाच-सात दिवस न खाता आरामात राहतो. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी खाणं बंद करा, झाकणावर वजन ठेवा. १०-१५ सेंटिमीटरच्या पिल्लाला मात्र कोणीतरी लागेलच. शेजाऱ्यांच्या हातात पेलेटचा डबा देऊ नका. सात छोट्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, रोजच्या निम्मं खाणं भरा आणि "नाही खाल्लं तर काढून टाका, परत घालू नका" असं चिठ्ठीवर लिहून टाकीला चिकटवा.

मोठा झाला, आता ठेवणं जमत नाही. तलावात सोडू?

नाही, कधीही नाही. मासुंदा, उपवन किंवा कुठल्याही तलावात, खाडीत किंवा नदीत नाही. तिथले छोटे मासे, बेडकांची पिल्लं आणि किडे तो फस्त करेल, नाहीतर स्वतः गढूळ पाण्यात कुढून मरेल. केरळमध्ये २०१८ च्या पुरानंतर अरापायमा आणि अॅलिगेटर गार असे पाळलेले परदेशी मासे नद्यांत सापडले होते. दुकानदाराला परत घेतो का ते विकत घेतानाच विचारून ठेवा. मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याला देणं हा सर्वांत चांगला मार्ग. नेताना जाड पिशव्या एकात एक घाला, निम्मं पाणी, निम्मा ऑक्सिजन, बाहेर थर्माकोलचा खोका, आणि निघण्याआधी दोन दिवस उपास, म्हणजे वाटेत पाणी नासत नाही.